सकाळचं बोट

सकाळचे सात वाजले तसं त्याने बायकोचं बोट धरलं आणि सुई टोचली. दर महिन्यासारखीच, न विचारता.

मधुमेह त्याला, बोट तिचं. आठ महिने हे थेर चालू होते. निवृत्त झाल्यापासून हा गृहस्थ फोनवर चारशे मधुमेहींचा गुरू होऊन बसला होता. आतडी सांभाळा, पोटातले चांगले जंतू वाढवा, आंबवलेला कोबी खा, साखर आपोआप ताळ्यावर येते! पुरावा म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला ग्रुपवर उपाशीपोटीच्या साखरेचा फोटो. स्वतःची साखर त्याने पहिल्याच आठवड्यात एकदा पाहिली, आणि गुपचूप मशीन तिच्याकडे सरकवलं. कोबी लोकांना, आणि हा कपाटात लपवलेली क्रीमची बिस्किटं हाणणार. शी! ती मनात म्हणाली. रोजच म्हणायची.

वर तिलाही त्याने सोडलं नव्हतं. गेल्या महिन्याभरात तिचे कपडे ढगळ झाले, तर लगेच भिंतीपाशी उभं करून फोटो काढला. 'माझ्या आहाराने बायको सहा किलो उतरली!' तिने त्या कोबीला हातसुद्धा लावला नव्हता. तहान मात्र फार लागायची आणि चालताना पाय गळून जायचे. त्याला सांगितलं तर म्हणाला, "शरीर साफ होतंय तुझं."

मशीन वाजलं. तीनशे बारा.

"हात धुतलेस का?"

"धुतले."

त्याने दुसरं बोट टोचलं. तीनशे अठरा.

तहान, पाय, सहा किलो. तिला सगळं एकदम कळलं.

"अहो, हे माझं रक्त आहे. मलाही झालाय."

"तेच तर!" त्याने कपाळाला हात लावला. "साडेसातला फोटो टाकायचा असतो. चारशे माणसं वाट बघतायत. आता त्यांना काय दाखवू?"

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. बत्तीस वर्षं या माणसाचे डबे भरले आपण! रडू यायला हवं होतं, आली ती किळस. तिने पर्स घेतली, चपला घातल्या. दवाखाना आठला उघडायचा. पायरीवर बसून राहीन, पण इथे नको.

ती दार ओढत होती तेवढ्यात मागून हाक आली. एक क्षण तिला वाटलं, थांब, मीही येतो म्हणेल.

"अगं, जाता जाता शेजारच्या वहिनींना पाठव. म्हणावं, काही खाल्लं नसेल तरच या."