सुवाच्य प्रती

"पत्र देता येणार नाही, मॅडम," सुदाम म्हसकर म्हणाला आणि समोरच्या प्रुफांवरची नजर त्याने वर केलीच नाही.

उमा सोहनी उभीच होती. उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या त्या प्रेसमध्ये पाहुण्यासाठी एकच खुर्ची होती आणि तिच्यावर शाईचे डबे होते. शाळा सुटल्यावर ती अंबरनाथहून थेट इकडे आली होती. खांद्याला सातवीच्या वह्यांची पिशवी तशीच लटकत होती.

"दोन ओळी तर हव्यात," ती म्हणाली. "दिनानाथ सोहनी या नावाने तुम्ही छापलेल्या सातही रहस्यकादंबऱ्या मी लिहिल्यात, एवढंच. गिरगावचे एक प्रकाशक माझ्या नावाने पुस्तक काढायला तयार आहेत. आधीचं काम तुमचंच कशावरून, असं विचारतायत."

बाईच्या नावावर खुनाची गोष्ट लायब्ररीवाले उचलत नाहीत, हे सहा वर्षांपूर्वी म्हसकरनेच तिला सांगितलं होतं. त्या दिवशी वडील हसून म्हणाले होते, "मग माझं घाल. स्टोअरकीपरचं नाव. मस्टरशिवाय कुठे छापून आलंय ते?"

म्हसकरने ड्रॉवर उघडून एक कागद काढला. स्टँपपेपर होता. *वरील सातही कादंबऱ्या मी स्वतः लिहिल्या असून*... खाली सही. दि. वि. सोहनी नाही, नुसतं दिनानाथ सोहनी नाही, पूर्ण नाव, दिनानाथ विष्णुपंत सोहनी, शेवटच्या अक्षराखाली दोन टिंबं. सही बाबांचीच होती.

"गुरुवारी आले होते," म्हसकर म्हणाला. "सातही पुस्तकं एकत्र काढतोय ना मी, पुठ्ठा बांधणीत. त्यासाठी असा कागद लागतो. मी मागितला नव्हता हां. स्वतःच लिहून घेऊन आले."

गिरगावचं पत्र आल्याचं उमाने बाबांना त्याआधीच्या रविवारी सांगितलं होतं. त्यांनी पेढे आणले होते.

"तुम्हाला तर माहितेय कोणी लिहिलंय. हस्तलिखितं माझ्या अक्षरात आहेत."

"माहितेय की. पण कागद काय म्हणतो ते बघायचं ना आपण." त्याने समोरच्या प्रुफांतलं वरचं पान काढून तिच्यापुढे सरकवलं. "अक्षराचाही विचार केलाय त्यांनी. हे वाचा. मनोगत आहे."

तिने उभ्याउभ्याच वाचलं. कथा आपल्याला पहाटे सुचतात, असं बाबांनी लिहिलं होतं. घर झोपलेलं असतं. एका बाजूला दूध तापत असतं, ओट्यावरच कागद पसरलेले असतात, आणि दूध वर येईपर्यंत एक पान हातावेगळं होतं. एकदा तर खुनी सापडला त्या नादात दूध उतू गेलं.

बाबा सातच्या आत कधी उठत नसत. उतू गेलेलं दूध तिनेच पुसलं होतं आणि हसत हसत त्यांना सांगितलं होतं.

शेवटच्या परिच्छेदात आभार होते. *माझी कन्या चि. उमा हिने हस्तलिखितांच्या सुवाच्य प्रती करून दिल्या, तिचे कौतुक करावे तेवढे थोडेच.*

"छान लिहितात," म्हसकर म्हणाला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने खुर्चीवरचे डबे उचलून खाली ठेवले. ती बसली नाही.

घरी पोचली तेव्हा बाबा गॅलरीत पांढऱ्या सदऱ्याला इस्त्री करत होते. शनिवारी बदलापूरला कुळगावच्या वाचनालयात त्यांचा सत्कार होता. अशी बोलावणी आली की इतकी वर्षं तीच म्हणायची, बाबा, तुम्हीच जा, मला तास आहेत.

"तुम्ही प्रेसवर गेला होतात?"

त्यांनी इस्त्री उभी केली. सदऱ्याची बाही सारखी केली.

"तू अजून पुष्कळ लिहिशील, उमा," ते म्हणाले. "तुझ्या नावाने लिहिशील. माझ्याकडे हे एवढंच आहे. बत्तीस वर्षं कंपनीत होतो, निरोपाच्या दिवशी साहेबाने भाषणात माझं नाव चुकवलं. आता रस्त्यात माणसं थांबवून विचारतात, सोहनी तुम्हीच का."

"ती माणसं ज्याला शोधतायत ती मी आहे, बाबा."

"मी कुठे नाही म्हणतो? मनोगत वाचलंस ना?" त्यांचा आवाज अगदी मऊ झाला. "तुझा उल्लेख केलाय. नावानिशी."

उमाने वह्यांची पिशवी खाली ठेवली. आत जाऊन चूळ भरली, तोंडावर पाणी मारलं. मग स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभं राहून तिने एक कोरा कागद घेतला आणि गिरगावला लिहायला लागली. *आपण मागितलेला पुरावा मी देऊ शकत नाही. माझे छापलेले एकही पुस्तक नाही. नवी कादंबरी आजच लिहायला घेतली आहे, ती पूर्ण करून पाठवीन.* खाली तिने सही केली. मग दुसरा कागद घेतला आणि पहिलं वाक्य लिहिलं. ते खोडलं. पुन्हा लिहिलं.

पावलं तिला ऐकू आली नाहीत. बाबा दारात उभे होते, घडी केलेला सदरा हातावर घेऊन.

"नवीन घेतलीस वाटतं?" त्यांनी विचारलं. त्यांना खरोखरच आनंद झाला होता. ते दोन पावलं पुढे आले, चष्मा नाकावर सारखा केला. "बघू, सुरुवात कशी केलीस?"

परीक्षेत शेजारचीने बघू नये म्हणून वर्गातल्या मुली धरतात, तसा उमाने डावा हात कागदावर आडवा धरला आणि लिहीत राहिली.