विवाहाचे ठिकाण

नाव : तेओदोरा काबिदोग.
राहणार : इथेच.
विवाहाचे ठिकाण :

“कुठल्या चर्चमध्ये झालं, ताई?” एल्डर अगपालोनं विचारलं. पेन रेघेवर टेकलेलं.

तेओदोराला सगळे दोरिंगच म्हणत. तिनं दोमेंगकडे पाहिलं. दोमेंगनं छपराकडे.

“झालंच नाही आमचं,” ती म्हणाली.

एल्डर टॉलमन अजून हसतच होता. एल्डर म्हणजे वडीलधारा. मॉर्मन पंथाच्या प्रत्येक तरुण प्रचारकाच्या खिशावर या शब्दाची काळी पाटी असते. टॉलमन परदेशातून आलेला, वीस वर्षांचा. सहा महिने दर बुधवारी दुपारी तो या झावळ्यांच्या घरात येत होता, इथल्या वाराय भाषेत मोडकंतोडकं शिकवत होता, आणि दोमेंगला ‘तुमचे यजमान’ म्हणत होता. सगळं गाव म्हणत होतं. बाप्तिस्म्याआधी असलं काही विचारायचं असतं, हे त्याला माहीत होतं. विचारायला लाज वाटली होती. अगपालो त्याचा नवा जोडीदार, उत्तरेकडचा, याच देशातला. परवा आला. पाव तासात त्यानं विचारलं.

पहिला पती (असल्यास) :

“आहे की. इसिद्रो. दावावला गेला त्याला बावीस वर्षं झाली. तिकडे संसार आहे त्याचा. चार पोरं.”

“मग घटस्फोट घेऊन…” टॉलमन बोलून गेला.

तिघांनी त्याच्याकडे पाहिलं.

“या देशात तो नसतो, एल्डर,” अगपालो हळूच म्हणाला.

“इसिद्रोनं मरायला पाहिजे,” दोमेंग म्हणाला. “पण मेल्याची तब्येत ठणठणीत आहे.”

बाप्तिस्म्याची तारीख : शनिवार

अगपालोनं शनिवारवर रेघ मारली नाही. पेनाला टोपण लावलं.

“नियम एकच आहे, ताई. लग्न. नाहीतर दोघांची छपरं वेगळी. एका घरात राहून पाण्यात उतरता येत नाही.”

“माडी सोड म्हणालात, सोडली,” दोमेंग म्हणाला. “ज्यानं तीस वर्षं माड चढून माडी काढली, त्यानं सोडली. सिगरेट सोडली. हिची सकाळची कॉफी बंद, म्हणून माझीही बंद. आता बायको सोड म्हणताय. पुढच्या बुधवारी काय रे पोरांनो, भात?”

“काका, तुम्हाला कोणी…”

“मला नकोच तुमची बुडी. तिच्यासाठी बोलतोय.”

दोरिंग हसली नाही. ती फक्त टॉलमनकडे बघत होती.

“लुनिंगचं काय?”

लुनिंग, तिची मुलगी. सात वर्षांची. मोठ्या वादळात समुद्र या टेबलाच्याही वर आला होता, तेव्हा गेली. आमच्या पंथाच्या देवळात विधीनं बांधलेलं कुटुंब मेल्यावरही तुटत नाही, लुनिंग तुम्हाला भेटेल, असं टॉलमननं याच टेबलापाशी सांगितलं होतं. या देशात आल्यापासूनच्या एकोणीस महिन्यांत शब्द न शोधता बोललेलं त्याचं तेवढं एकच वाक्य. एकोणीस महिन्यांत पाण्यापर्यंत आलेली ही एकच बाई.

“आधी बाप्तिस्मा, मग वर्षानं देऊळ, असं तू सांगितलंस. मी सगळं केलं.”

“हो.”

“मग?”

त्याला वाराय शब्द सापडेना. मग त्यानं इंग्रजी शोधला. तोही सापडेना.

“पोरगी माझी आहे,” दोमेंग म्हणाला. आवाज पहिल्यांदा खाली आला होता. “इसिद्रोची नाही. माझी.”

बाहेर कुणाचं तरी कोंबडं ओरडलं आणि थांबलं.

दोमेंगनं भिंतीला टेकवलेली काठी घेतली. माडावरून पडल्यापासून त्याचा डावा पाय वाकत नव्हता. उठायला वेळ लागला. टॉलमन हात द्यायला पुढं झाला, तो त्यानं काठीनंच बाजूला सारला.

“वेगळं छप्पर ना? बहिणीकडे डुकरांच्या खोपटाशेजारी एक खोली आहे. डुकरं घोरतात. हिच्यामुळे सवय आहेच मला.”

“दोमेंग,” दोरिंग म्हणाली.

“गप्प बस. लुनिंगला भेटलीस की सांग, बापानं घर सोडलं, भांडण नव्हतं.” तो दारात थांबला. “लिहा शनिवार. हा मी निघालो. आता विचारा तिला काय विचारायचं ते.”

बांबूच्या तीन पायऱ्या तो एक-एक करून उतरला.

दोरिंग ताठ बसली. झग्याच्या चुण्या सारख्या केल्या. दोन्ही हात टेबलावर ठेवले.

“विचार, एल्डर.”

अगपालो उठून उभा राहिला होता.

“चल.”

“एक मिनिट.”

“एल्डर. घरात पुरुष नाही आता. बाई एकटी असेल तिथं आपल्याला बसता येत नाही.”

टॉलमनला ते पाठ होतं. सहा महिने दोमेंग कोपऱ्यात बसायचा, म्हणूनच त्यांना इथं बसता यायचं. तो उठला. दोरिंगच्या डोळ्यांकडे न बघता टेबलावरचा कागद घेतला, मग परत ठेवला, मग परत घेतला.

अंगणात दोमेंग अजून फाटकापर्यंतही पोचला नव्हता. पावलं ऐकून तो वळला.

“तुम्ही का बाहेर आलात?”

तिघे उन्हात उभे राहिले.

“अरे, तुम्ही का बाहेर आलात?”

आतून दोरिंगचा आवाज यायला लागला. बाप्तिस्म्याआधीच्या मुलाखतीची उत्तरं, टॉलमननंच पाठ करून घेतलेली, त्याच क्रमानं. प्रत्येक उत्तराआधी ती थांबत होती, प्रश्नाला लागेल तेवढा वेळ.

“हो… हो, विश्वास आहे… हो.”