देवदाराची पट्टी

पहिला घाव खालच्या पट्टीवर पडला. मातीच्या भिंतींतून घरभर फिरलेली देवदाराची ती पट्टी खलिकने मधोमध तोडली.

दुसरा घाव वरच्या पट्टीवर पडणार, तोच थोरल्या सुबानने त्याचं मनगट धरलं. "भूकंपात हिनेच घर बांधून धरलंय, गाढवा."

"वाटणी म्हणजे वाटणी, भाईजान. अर्धी पट्टी माझी."

मग दुसरा घाव फावड्याचा, खलिकच्या कपाळावर. तिसरा कुऱ्हाडीचा, सुबानच्या खांद्यावर. चौथ्या घावाला खलिकने वरची पट्टीही तोडली.

पाचवा घाव नवव्या दिवशी जमिनीखालून आला. भिंती फाकल्या. सुबानचं अर्धं घर आणि खलिकचं अर्धं घर एकाच ढिगात बसलं. त्या ढिगातून दोघा भावांनी एकमेकांची पोरं उपसून काढली. खलिकच्या धाकटीचा श्वास चालू होता, डोळे मात्र उघडत नव्हते.

अक्रोडाखालचा गोठा पट्ट्यांसकट जसाच्या तसा उभा होता. वाटणीत तो कुणीच मागितला नव्हता, म्हणून आईला दिला होता.

तिने दार उघडलं. "पोरीला आत आणा. इथे अजून कुणी कुऱ्हाड लावलेली नाही."