डब्याची पोच

“तो डबा टेबलावर ठेवा आणि मग जा. ऑफिसची वस्तू आहे ती,” साहेब म्हणाले.

अभियंता बाईंनी पर्स घट्ट धरली. आत हार्ड डिस्क बसवायचा डबा होता. पुलाच्या भेगांचे चार वर्षांचे फोटो त्यातल्या डिस्कवर होते. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचे याच आठवड्यात पुसले गेले होते. ‘पुलाला एकही भेग नाही’ असा अहवाल तयार झाला होता. बाईंनी त्यावर सही केली नव्हती. चौकशी समितीपुढे त्यांना तीन वाजता हजर व्हायचं होतं. आता दीड वाजला होता.

हा डबा निवडताना त्यांनी सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं. आधीचा प्लास्टिकचा होता, त्याचं पोर्ट सैल. वायर जरा हलली की डिस्क गायब. एकदा त्यापायी पुलाच्या अख्ख्या कमानीचे फोटो उडाले. मग बाई हटून बसल्या. ॲल्युमिनियमचा डबा हवा, म्हणजे आतली डिस्क तापणार नाही. टाइप-सीचं पोर्ट हवं, तेही घट्ट बसणारं. झाकण बिनपेचाचं, सरकवून उघडणारं. दुकानात त्यांनी वायर लावून वीस वेळा हलवून पाहिली.

“बाई, डबा घेताय की जावई शोधताय?” सोबत गेलेले हेडक्लार्क अण्णा तेव्हा म्हणाले होते.

आज अण्णा हसले नाहीत. “पोच द्यावी लागेल, साहेब. खरेदीच्या मंजुरीत आहे तसंच लिहितो.” त्यांनी फाइल उघडली आणि साहेबांचा लाल शाईतला शेरा सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. “‘फक्त डबा मंजूर. नवी डिस्क मिळणार नाही. घरच्या लॅपटॉपमधली जुनी वापरावी.’”

टायपिंग थांबलं.

बाईंनी झाकण सरकवलं. स्वतःची डिस्क काढून रुमालात गुंडाळली, पर्समध्ये ठेवली. रिकामा डबा त्यांनी साहेबांच्या कॉम्प्युटरला जोडला. निळा दिवा लागला. वायर हलवली. दिवा विझला नाही.

मग त्यांनी अण्णांनी लिहिलेली पोच पुढे ओढली आणि पेन मागून घेतलं.

“डब्याला एकही भेग नाही, साहेब. यावर मात्र मी सही करते.”