नेपल्सला बोट थांबते

"थेट जाणारीच बोट घ्यायची. आज तार करतो," सयाजी म्हणाला आणि अंजनानं हातातला तांब्या अंगणात असा आपटला की त्याला पोचा पडला.

"आन् ती दुसरी? नेपल्सला दोन दिवस थांबणारी?"

"तिचं काय करायचंय?"

"मला तिथं उतरायचंय म्हणून सांगितलं हुतं तुमास्नी. एकदा न्हाई, धा येळा!"

इस्लामपुरातल्या त्या घरात कितीतरी दिवस हेच भांडण चाललं होतं. सयाजीला साखर कारखान्याच्या यंत्रांचं शिक्षण घ्यायला विलायतेला जायचं होतं. बायको आणि तिसरं वर्ष सरत आलेला मुलगा दौलत बरोबर. लढाई संपली होती, बोटी पुन्हा सुरू झाल्या होत्या. मुंबईच्या एजंटाला आज कळवायचं होतं, ही बोट का ती.

ओट्यावर सयाजीचे वडील लालासाहेब दाढी करत होते. पहिल्या लढाईत ते बसऱ्याला होते. तिथून आणलेला वस्तरा रोज स्वतः परजायचे. त्याला घरात दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. सयाजीनंही कधी लावला नव्हता.

"इटली म्हणजे काय म्हसवडची जत्रा आहे?" सयाजी ओरडला. "बोटीतून उतरा, रेल्वेत बसा, त्या कासीनो गावाला जा, दुसऱ्या दिवशी परत बोट गाठा. आणि कुणाला घेऊन, तर ह्या कार्ट्याला! ह्याला दूध कुठं मिळणार? वाटेत जुलाब लागले तर? बोट सुटली तर काय भीक मागायची तिथं?"

कार्टं तेवढ्यात आजोबांचा साबण चाटून आलं होतं. खांद्यापर्यंत आलेल्या झिपऱ्यांना फेस लागला होता. बाजारात लोक त्याला मुलगीच समजायचे.

"दूध मिळंल," अंजना त्याचं तोंड पदरानं खसाखसा पुसत म्हणाली. "तिथल्या बायकांस्नी काय पोरं हुईत न्हाईत? न्हाईच मिळालं तर सातूचं पीठ घेतलंय, गूळ घेतलाय. दुपट्यानं पाठीशी बांधीन त्याला. तुमी नुसतं तिकीट काढा. बोट चुकली तर बापाचं नाव लावायची न्हाई मी."

"पण तिथं आहे काय एवढं?"

"नाथाजी हाय."

ओट्यावरचा वस्तरा थांबला.

नाथाजी अंजनाचा एकुलता एक भाऊ. मराठा पलटणीत होता. कासीनोच्या नदीकाठी पडला. तार आली तेव्हा दौलत पोटात होता. "पोटुशी बाईनं मेलेल्याचं रडू नये," असा लालासाहेबांनी दम भरला. "ह्या घरात त्याचं नाव निघता कामा न्हाई." निघालं नाही. दौलत जन्मला, बारसं झालं, पोर चालायला लागलं, तरी ती बंदी कुणी उठवली नाही. घालणारे घालून विसरले. अंजना कशी विसरेल?

लालासाहेब वळले. अर्ध्या गालावर फेस तसाच होता. "आगं, तिथं हाय काय आता? ना राख आली, ना हाड आलं. रडायचं तर हितं रड की! कुणी धरलंय तुला?"

"आता सांगताय व्हय, आबा? आता?" अंजनाचा आवाज चिरकला. "रडायचं हुतं तवा माझ्या तोंडाला कुलूप लावलंत. आता मला रडायचंच न्हाई. तिथं माझं काम हाय."

"काम कसलं डोंबलाचं! मिरवायचं हाय तिला," सासू बनुबाई चुलीपुढनं कडाडली. "मी म्हटलं, जायच्या आदी पोराची केसं उतरवू सिद्धनाथाला. तर म्हणती न्हाई, तिकडं गेल्यावर. गोऱ्या न्हाव्याकडनं भांग पाडून घ्यायचा असंल लेकाचा! उवा झाल्यात त्याला, उवा!"

सयाजीनं खुंटीवरचा कोट ओढला. "बास झालं. मी तार करायला चाललो."

अंजनानं दौलतला उचललं आणि उंबऱ्यात सयाजीच्या वाटेत उभी राहिली.

"जावा. पण ह्याची केसं का ठेवलीत मी, इचारलं का कुणी एकदा तरी? फॅशन म्हणलासा, मिरवणं म्हणलासा, मी ऐकून घेतलं. आवं, जावळ मामाच्या मांडीवर काढायचं असतंय! ह्याचा मामा तिथं निजलाय. ज्या मातीत निजलाय तीच त्याची मांडी. त्या मातीवर बसवीन मी पोराला."

सयाजीचा एक हात कोटात, एक बाहेर राहिला.

"आकाराम हाय की गं," बनुबाई चाचरत म्हणाली. "तुझा चुलत भाऊ. त्यो बसंल मांडी घालून."

"आकारामाची मांडी त्याच्या सख्ख्या भाच्यास्नी, आत्याबाई. माझ्या पोराला उसनी मांडी नगं."

दौलत आईच्या खांद्यावर झिपऱ्या ओढत बसला होता.

लालासाहेब खवळूनच उठले. "बघतोस काय बैलावानी?" ते मुलावर खेकसले. "जा, त्या थांबणाऱ्या बोटीची तार कर!" मग त्यांनी तोंडावरचा फेस पंच्यानं पुसून टाकला. अर्धी दाढी तशीच राहिली. वस्तरा त्यांनी पाण्यानं धुतला, धोतराच्या सोग्यानं कोरडा केला, मिटला आणि सुनेच्या हातात ठेवला.

"नाथाजीला सांग," ते म्हणाले, "वस्तरा आमच्या घरचा हाय."