खाडीत बुडवलेली पानं

इमामसाहेब तापाने फणफणले, म्हणून त्या शुक्रवारी बयान, म्हणजे नमाजआधीचं प्रवचन, करायला होडीवाल्या इद्रिसला बसवलं. वडील गेल्यामुळे लहानपणीच वल्हं हाती आलेला, मदरशाची पायरी न चढलेला माणूस. धार्मिक पुस्तकांची जीर्ण पानं कचऱ्यात टाकत नाहीत. मशिदीत ती पोत्यात साठत आणि रमजानआधी इद्रिस ती खाडीत नेऊन, दगड बांधून बुडवी. बुडवण्याआधी, आईने शिकवलेल्या अक्षरांच्या बळावर, एकेक पान वाची. त्याचं शिकणं तेवढंच; पण त्यातल्या गोष्टी तो होडीत सगळ्यांना सांगे, म्हणून लोकांनी त्यालाच पुढे केलं.

बयान रंगलं. सख्ख्या भावाला घराबाहेर काढणाऱ्या माणसाची गोष्ट तो सांगत होता. भाऊ वाटेतच मेला. माफ करणारा उरलाच नाही, म्हणून तो माणूस अल्लाहपुढे रडत राहिला आणि...

इद्रिस थांबला. बुडवण्याआधी वाचलेलं ते पान तिथेच संपलं होतं.

"मग? मिळाली का त्याला माफी?" पुढे बसलेल्या दाऊदचाचांनी घोगऱ्या आवाजात विचारलं. त्यांनी आपल्या धाकट्या भावाचं काय केलं, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं.

हो म्हणणं सोपं होतं. पण मशिदीत बसून न वाचलेलं सांगायला इद्रिसची जीभ रेटेना. "पुढचं मला ठाऊक नाही, चाचा."

त्यानंतर चाचा मशिदीत आलेच नाहीत. न राहवून इद्रिस त्यांच्या घरी गेला. "अल्लाह मेहेरबान आहे, चाचा. पुढे माफी असणारच."

चाचांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"वाचलंस का तू?"