तातडीचा रंग

"अजून कोणी आलं नाही हो. आता पंखाही बंद पडलाय," फोनमधली बाई म्हणाली. ती लिफ्टमध्ये अडकली होती.

"निघालेत, निघालेत," ताई म्हणाली. निघालं कोणीच नव्हतं. लिफ्टदुरुस्ती कंपनीच्या या खोलीत तक्रारी काळ्या पडद्यावर ओळीने उतरायच्या आणि ताई त्या वाचून मिस्त्री पाठवायची. बाईची ओळ तिला आत्ता सापडली, 'आरसा पुसणे' आणि 'करार नूतनीकरण' यांच्या मधोमध. तिन्ही लाल.

मिस्त्रीला पिटाळून ती प्रोग्रामरकडे वळली. "काय करून ठेवलंस रे हे? सगळा पडदा लालभडक."

"ठेवलं नाही ताई, ठेवायला लावलं."

त्याने रकाने सरळ केले होते आणि फक्त माणूस अडकल्याची ओळ लाल केली होती. बाकी सगळं पांढरं. ते इतकं छान दिसलं, की मीटिंगमध्ये गेलं. हिशेबवाल्यांनी विचारलं, आमची थकबाकी काय कमी तातडीची? मग सुट्या भागांवाले आले. साफसफाईवाल्यांना पिवळा देऊ केला, तर ते रुसले. शेवटी प्रत्येकाला आपापल्या साहेबाला तोंड द्यायचं होतं, आणि लाल रंगाला पैसे पडत नव्हते.

इतक्यात विक्रीप्रमुख आत आले. "आमची ओळ जरा लुकलुकती कर ना. लालमध्ये लाल कुठे दिसतंय?"

प्रोग्रामरने त्यांच्याकडे पाहिलं. मग कीबोर्ड पुढे ओढून त्याने अडकलेल्या माणसांच्या ओळींचा रंगच काढून टाकला. त्या झाल्या साध्या पांढऱ्या.

यादी नव्याने उतरली. लाल गर्दीत पांढऱ्या ओळी दोन निघाल्या.

एक त्या बाईची. दुसरी पार तळाशी, सकाळची: मालवाहू लिफ्ट, एक जण आत.

"अगं बाई," ताई पुटपुटली. तिने ओळीतला नंबर फिरवला. घंटा वाजत राहिली. प्रोग्रामर खुर्चीतून अर्धवट उठला आणि तसाच थांबला.

विक्रीप्रमुख पडद्यावर वाकून बघत होते.

"हा रंग मस्त उठून दिसतोय," ते म्हणाले. "आमच्या ओळीला हाच दे."